विदेशी झाड लवकर वाढतं, हे कुणी ठरवलं?

पहिला पाऊस पडला की मुखेड तालुक्यात रोपांच्या गाड्या गावोगाव उतरतात आणि त्यांच्याबरोबर एक वाक्यही उतरतं : "देशी झाडाला लई वेळ लागतो. सुबाभूळ, गिरिपुष्प लावा, तीन वर्षांत सावली." सरपंच म्हणतात, गुरुजीही म्हणतात. 2019 मध्ये राज्यात 33 कोटी रोपांची मोहीम निघाली, तेव्हाही हेच ऐकलं. दरवर्षी ऐकून आता कान किटले.

सुबाभूळ पहिली काही वर्षं कडुनिंबाच्या पुढं पळते, हे खरं. पण ती विदेशी आहे म्हणून नव्हे. प्रत्येक झाडाचे मायदेशी वैरी असतात : पाला खाणारे किडे, बी पोखरणारे भुंगे, रोग. परमुलखात बी येतं, वैरी मागं राहतात. पटत नसेल तर आपल्या बांधावरची साधी बाभूळच घ्या, वेडी नव्हे. मेंढरांना सावली हवी म्हणून ती ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला नेली. तिथं लाखो हेक्टर गवताळ माळावर ती इतकी माजली, की राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या सरकारी यादीत तिचं नाव आहे. आता सांगा, बाभूळ हळू वाढते की झपाट्यानं? रेडिएटा पाइनचंही तसंच. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्याचे मोजके पट्टे उरलेत, आणि न्यूझीलंडच्या लागवडीत दहातली नऊ झाडं त्याचीच; तीसएक वर्षांत तोडणीला येतात.

शिवाय ही सूट कायमची नसते. सुबाभळीचा वैरी असलेला सायला कीटक 1988 मध्ये भारतात पोचला आणि तिचे कोवळे शेंडे करपू लागले.

दुसरी चूक मोजण्यातली. आपण जमिनीच्या वरचंच मोजतो. पळसाचं, सागाचं बियापासून उगवलेलं रोप माळावर सुरुवातीची काही वर्षं उन्हाळ्यात वरून वाळतं, खाली मूळ मात्र जाड होत जातं. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर आधी ओल गाठावी लागते, उंची नंतर. वाळलेली काडी बघून "मेलं" म्हणत आपण त्याच खड्ड्यात गिरिपुष्प लावतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि शेळी! तिचा हिशोब कुणीच धरत नाही. गिरिपुष्पाच्या ताज्या पाल्याच्या वासानं जनावर तोंड फिरवतं, वेड्या बाभळीचा पालाही ते सोडतं. बोर, बाभूळ, कडुनिंब मात्र शेळी शेंड्यापासून ओरबाडते. एक रोप रोज खुडलं जातं, दुसऱ्याला कुणी हात लावत नाही, आणि शेवटी दोघांची उंची शेजारी धरून निकाल दिला जातो. ही तुलनाच नव्हे. दोन्ही रोपांना काट्यांचं कुंपण करा, मग मोजा.

देशी म्हणजे हळू, हेही सरसकट खोटं. महारुख, शिवण, शेवगा ही इथलीच झाडं, आणि शेवगा तर वर्षभरात शेंगा देतो. धावडा, अंजन हळू वाढतात, कारण त्यांचं लाकूड जड आणि टणक असतं.

आणखीही काही कानावर येतं. वेडी बाभूळ 1972 च्या दुष्काळात आली म्हणतात. ती 19 व्या शतकातच भारतात आली होती. गुलमोहर आपला वाटतो, पण तो मादागास्करचा. सुबाभूळ निरुपद्रवी म्हणणाऱ्यांनी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेची 100 घातक आक्रमक प्रजातींची यादी पाहावी, तीत ती आहे. चाऱ्यासाठी लावायचीच असेल तर शेंगा धरण्याआधी छाटत राहा. आणि विदेशी तेवढं वाईट असंही नाही : चिंच मूळची आफ्रिकेची. तिच्याखाली आपल्या कितीतरी पिढ्या बसल्या.