आधी आवळा, मग सोडा

मानसोपचार विभागाच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या. समुपदेशक ताई सांगतात, "उजवी मूठ आवळा. पाच-सहा सेकंद धरा. आता सोडा, एकदम." बोटं उघडतात. "हात कसा वाटतोय, तेवढंच बघा." थोडा वेळ सगळे गप्प. मग दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे, पोट आणि शेवटी पावलं.

अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ही शिथिलीकरणाची पद्धत १९२९ साली पुस्तकरूपाने मांडली. इथे तिची सुटसुटीत आवृत्ती शिकवतात. शवासन आपल्याला ठाऊक असतं. इथे मात्र आधी मुद्दाम ताण आणायचा. नैराश्यातल्या माणसाला "जरा रिलॅक्स हो" म्हणून काही साधत नाही. खांदे वर चढलेत, दातांवर दात घट्ट बसलेत, याचा त्याला पत्ताच नसतो. आवळून सोडलं की फरक अंगालाच कळतो.

ताईंचं कसब दिसतं ते त्या देत असलेल्या सवलतींत. एका बाईंना डोळे मिटले की नको ते विचार घेरतात. "मग मिटूच नका. खिडकीच्या गजाकडे बघा." मान दुखणाऱ्या काकांना मान वगळायला सांगितली. रोज वीस मिनिटं जमणार नाहीत, असं एक तरुण म्हणाला. "नुसते हात करा, अंथरुणात पडल्या पडल्या." या आजारात आंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटते. गृहपाठ मोठा दिला, तर तो राहून गेल्याची खंत तेवढी वाढते.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा काही आठवडे जातात. त्या काळात आखडलेल्या अंगाला, उडालेल्या झोपेला या व्यायामाचा थोडाफार आधार होतो. पण आधारच. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००८ साली उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा काहीच न करण्यापेक्षा शिथिलीकरण बरं ठरलं. संवादातून होणाऱ्या मानसोपचाराइतका गुण मात्र त्याने आला नाही. म्हणूनच "आता बरं वाटतंय, गोळ्या बंद करू?" असं कुणी विचारलं की ताई ठाम असतात : "ते डॉक्टर ठरवतील. आपण होऊन नाही."

घरात कुणी आठवडेच्या आठवडे खचलेलं दिसत असेल, तर व्यायाम सुचवत बसण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या. जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नका. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.