जंतू मेला, आजार राहिला: २००१ ची अँथ्रॅक्स पत्रं



मागच्या वर्षी मला चिकनगुनिया झाला होता. ताप पाच दिवसांत उतरला, रिपोर्ट नॉर्मल आले. पण पुढचे चार महिने सकाळी बाटलीचं झाकण उघडायला आईला हाक मारावी लागायची. "आता बरा आहेस ना?" असं कुणी विचारलं की काय बोलायचं तेच कळायचं नाही. अर्थात, मला डास चावला होता, त्यात कुणाचा डाव नव्हता. पण एखाद्याला आजार कुणी मुद्दाम पाठवला असेल तर? तो वाचल्यावर त्याचं पुढे काय होतं? आजचा भाग त्यावर आहे.

सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे टॉवर पडून आठवडाच झाला होता. अमेरिकेत न्यू जर्सीतून काही पत्रं पोस्टात पडली. आधी टीव्ही आणि वर्तमानपत्रांच्या ऑफिसांना, मग ऑक्टोबरमध्ये दोन सेनेटरना. आत पावडर होती, अँथ्रॅक्सची. आपल्याकडे गुरं पाळणाऱ्यांना हा रोग फाशी किंवा काळपुळी म्हणून माहीत आहे. २२ जणांना लागण झाली, ५ जण गेले. बातमी सहसा इथेच संपते. मला उरलेल्या १७ जणांबद्दल बोलायचंय.

आधी हा जंतू काय करतो ते बघू. पावडरीत असतात बीजाणू, म्हणजे जंतूचं झोपलेलं रूप. श्वासातून ते फुप्फुसात जातात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात आणि छातीतल्या लसिकाग्रंथींपर्यंत नेऊन सोडतात. म्हणजे आपलाच पहारेकरी चोराला घरात आणतो. तिथे बीजाणू जागे होतात आणि विष सोडायला लागतात. गोची अशी, की अँटिबायोटिक जंतू मारतं, पण आधीच सुटलेलं विष नाही. आणि काही बीजाणू उशिरा जागे होतात, म्हणून संपर्कात आलेल्यांना तब्बल ६० दिवस गोळ्या घ्यायला सांगितलं होतं.

श्वासातून होणाऱ्या अँथ्रॅक्समध्ये पूर्वी जवळपास सगळेच दगावायचे. या वेळी तशा ११ पैकी ६ जण वाचले. छानच की! पण वाचलेले लोक आधी फारसे नव्हतेच, त्यामुळे 'पुढे काय' हे डॉक्टरांनाही कुठल्या पुस्तकात सापडेना.

साधारण वर्षभराने अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने वाचलेल्यांपैकी १५ प्रौढांची तपासणी केली. खोकला, थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा, शिवाय मनावरचा ताण. १५ पैकी ८ जण अजून कामावर परतलेच नव्हते. ज्यांना फक्त त्वचेचा, म्हणजे तुलनेने सौम्य अँथ्रॅक्स झाला होता, त्यांच्याही तक्रारी होत्या. आणि तपासण्यांमध्ये या त्रासाचं पुरेसं कारण दिसत नव्हतं. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस पायऱ्या चढताना धापा टाकतोय, असा प्रकार. अशा वेळी 'मनाचे खेळ आहेत' म्हणणं फार सोपं असतं. मला तर चार महिन्यांतच ते ऐकावं लागलं होतं.

यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. १५ ऑक्टोबरला सेनेटच्या ऑफिसात पत्र उघडलं गेलं आणि तिथल्या स्टाफला त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. पण तेच पत्र वॉशिंग्टनच्या ब्रेंटवूड टपाल केंद्रातून गेलं होतं. तिथली मशीन पाकिटं दाबून पुढे ढकलतात, आणि बंद पाकिटातूनही पावडर हवेत उडू शकते हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते केंद्र बंद झालं २१ ऑक्टोबरला. तोवर कामगार तिथेच पाळ्या करत होते. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. दोघं गेले, आणि जे वाचले त्यांच्या डोक्यात 'आम्हाला सहा दिवस आधी का नाही सांगितलं?' हा प्रश्न राहिला. मानसिक त्रास मोजताना हाही धरायला हवा, असं माझं मत.

ब्रेंटवूडची इमारत क्लोरीन डायऑक्साइड वायूने धुऊन काढली आणि डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा उघडली. तिला त्या दोन मृत कामगारांचं नाव दिलंय. एफबीआयने ज्याच्यावर बोट ठेवलं तो सैन्याच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ होता. आरोप दाखल व्हायच्या आधीच, २००८ मध्ये त्याने आत्महत्या केली. २०१० मध्ये फाइल बंद झाली. खटला कधी चाललाच नाही.

तुमच्या घरात कुणाला आजार 'बरा' झाल्यावरही असं काही होत राहिलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. भेटूच!