स्टिअरिंग हलके-जड का होते?

जालना, अंबड, भोकरदनच्या रस्त्यांवर शाळकरी मुलांची ने-आण करणाऱ्या जुन्या व्हॅन आपण पाहतो. अशा एखाद्या गाडीचे स्टिअरिंग खोलून नवे क्रॉस बसवले, तरी चालकाची तक्रार राहते की चाक एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलके लागते. भाग नवे, मग दोष कुठे? उत्तर भूमितीत आहे.

हातातले चाक आणि खालची स्टिअरिंग पेटी बहुधा एका रेषेत नसतात. म्हणून पुष्कळ गाड्यांत मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. त्यात दोन बेचकी असतात आणि अधिक चिन्हाच्या आकाराचा क्रॉस त्यांना जोडतो. सोळाव्या शतकातील कार्दानो आणि सतराव्या शतकातील रॉबर्ट हूक, या दोघांचीही नावे या सांध्याला मिळाली आहेत.

थाळी तिरकी धरली की तिचा गोल काठ लंबगोल दिसतो. एका दांड्याचे वर्तुळ दुसऱ्याच्या दिशेने पाहिले तर असेच दिसते, म्हणून दोघांचे अंश जुळत नाहीत. दांड्यांत ३० अंशांचा कोन असेल, तर दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या ०.८७ ते १.१५ पट असा बदलतो. तो जिथे सावकाश फिरतो तिथे चाक हलके लागते, जिथे भरभर फिरतो तिथे जड.

दोन्हीकडचे कोन सारखे आणि तिन्ही दांडे एका पातळीत असतील, तर मधल्या दांड्याची दोन्ही बेचकी एका पातळीत ठेवावी लागतात. मग एका सांध्यातला फरक दुसरा भरून काढतो. ती काटकोनात बसली तर फरक वाढून ०.७५ ते १.३३ पट होतो. हा दांडा पुष्कळदा एकमेकांत सरकणाऱ्या दोन खाचेदार तुकड्यांचा असतो. जोडताना काही खाचा चुकल्या की फरक पुरता फिटत नाही. म्हणून खोलण्यापूर्वी चाके सरळ करून प्रत्येक जोडावर खुणा कराव्यात.

झिजलेला सांधा वेल्डिंग करून चालवू नये. जालना लोखंडी सळयांसाठी प्रसिद्ध आहे. तापलेल्या सळईवर पाण्याचा मारा करून तिला बळकटी आणतात, हे इथल्या मुलांना सहज समजावता येईल. वेल्डिंगची उष्णता पोलादाची अशी कमावलेली ताकद घालवू शकते. दांडा तुटला, तर चालकाच्या हाती नुसते चाक उरते.

वर्गात जाड तारेचा सांधा करून तो ३० अंशांत वाकवावा. बेचके उभे किंवा आडवे ठेवून सुरुवात करावी आणि एक दांडा ४५ अंश फिरवावा. दुसरा सुमारे चार अंश मागे किंवा पुढे दिसेल. ९० अंशांवर दोघे पुन्हा बरोबर येतील. मग दुसरा सांधा जोडून बेचकी कशी ठेवायची, हे मुलांनाच शोधू द्यावे.