सॉफ्टबॉल : जोर हातात नाही, खुब्यात! खळ्यावर करता येणारे चार सराव

ग्रामीण प्रतिनिधी

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की गावोगावच्या शाळांतल्या पोरी सॉफ्टबॉलची बॅट हातात घेतात. शेतात राबलेली पोरं-पोरी, अंगात ताकद भरपूर. तरीही जिल्ह्याच्या मैदानावर चेंडू एकतर पिचरच्या पुढ्यात घरंगळतो, नाहीतर वर उडून अलगद झेलात जातो. मग मास्तर म्हणतात, "अजून जोर लाव." पोरगी दंडाने आणखी जोर लावते, बॅट आणखी उशिरा येते आणि रात्री पाठ धरते. दोन-तीनदा असं झालं की घरचे म्हणतात, बस झाला खेळ.

अडचण ताकदीची नसतेच. ती ताकद कुठून काढायची हे कोणी सांगितलेलं नसतं.

खुबा आधी, हात नंतर

गोफण फिरवणारा माणूस आठवा. नुसत्या मनगटाने दगड लांब जात नाही. तो पाय रोवतो, कंबर वळवतो, मग खांदा आणि शेवटी हात सुटतो. धान्याचं पोतं ट्रॉलीत टाकतानाही आपण असंच करतो. सॉफ्टबॉलचा स्विंग याच क्रमाने चालतो : पाय, खुबा, छाती, खांदा, हात आणि सर्वांत शेवटी बॅट. खालचा भाग आधी फिरला की वरचा ताणला जातो आणि बॅट वेगाने ओढली जाते.

वेळ किती मिळतो तेही बघा. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचर ४३ फुटांवर असते. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू एवढं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. शाळेच्या सामन्यात वेग कमी असतो, पण तिथेही हाताने बॅट ओढत बसायला सवड नसते.

आता पाठीचं. कमरेचे मणके पिळे घेण्यासाठी बनलेले नाहीत. फिरायला बनलाय तो खुब्याचा सांधा. मागचा पाय जमिनीला चिकटून राहिला की खुबा अडतो आणि सगळा पीळ मणक्यावर जातो. म्हणून मागची टाच उचलली जाऊन पाय चवड्यावर फिरलाच पाहिजे.

खालची माहिती उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे डावा पाय पिचरकडे. डावखुऱ्यांनी उलट करावं.

सराव १ : पाठीमागे बॅट

बॅट कमरेमागे आडवी धरा, दोन्ही कोपरांच्या बेचक्यात अडकवा. पाय खांद्यापेक्षा थोडे रुंद, गुडघे किंचित वाकलेले. डावं पाऊल छोटंसं पुढे टाका आणि उजवा गुडघा आत वळवत फिरा. शेवटी बेंबी पिचरकडे, उजवी टाच वर, डावा पाय घट्ट. हात अडकलेले असल्याने लबाडी करता येत नाही, खुब्यालाच काम करावं लागतं. १० वेळा, दोन फेऱ्या.

सराव २ : पाऊल, थांबा, फिरा

आता बॅट नेहमीसारखी धरा. पाऊल टाका आणि मनात "एक-दोन" म्हणत थांबा. या वेळी हात मागच्या खांद्याजवळच हवेत. हात पाऊलासोबत पुढे आले तर चुकलं, पुन्हा करा. मग खुबा फिरवा आणि त्याच्या मागोमाग बॅट सोडा. १० वेळा. सवय झाली की थांबा कमी करत न्या.

सराव ३ : वाळूची पिशवी

जाड कापडी पिशवीत एक ते दोन किलो वाळू भरून तोंड शिवून टाका. भिंतीला डावा खांदा करून सात-आठ फुटांवर उभे राहा. पिशवी दोन्ही हातांनी पोटाजवळ धरा, उजव्या खुब्याकडे न्या आणि खुबा फिरवून भिंतीवर फेका. हात फक्त पिशवी धरण्यापुरते. ८ वेळा, दोन फेऱ्या. दुसऱ्या बाजूनेही ४-५ वेळा फेका, म्हणजे अंग एकाच बाजूला आखडत नाही.

सराव ४ : पाइपची टी

बादलीत वाळू भरून त्यात ठिबकचा किंवा पीव्हीसी पाइप उभा रोवा. वर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवा. झाली टी. उंची गुडघा ते कंबर यांच्या मध्ये ठेवा. चेंडू नसेल तर जुने मोजे गच्च गुंडाळून शिवा. टी पुढच्या पायाच्या रेषेत ठेवा, समोर जुनं शेडनेट बांधा. आधी १० फटके निम्म्या जोराने, मग १० पूर्ण जोराने. चेंडू नेटमध्ये सरळ, छातीच्या खाली जायला हवा.

मोबाईल हाच कोच

समोरून आणि बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि तीन गोष्टी तपासा :

- बेंबी बॅटच्या आधी फिरते का?
- फटक्याच्या क्षणी डोकं जागेवर आहे का, की मान पिचरकडे उडाली?
- अंग मागे कललंय का? कललं असेल तर चेंडू वरच उडणार.

डावा खांदा लवकर उघडणं ही नेहमीची चूक. खुबा आधी फिरला तरी खांदा क्षणभर मागे राहिला पाहिजे.

किती आणि कधी

आठवड्यातून तीन-चार दिवस, वीस मिनिटं पुरेत. आधी पाच मिनिटं धावून, खुबे गोल फिरवून अंग गरम करा. ओल्या, निसरड्या जागेवर करू नका. बॅट फिरवताना आजूबाजूला लहान मूल नाही ना, ते बघा. खरा चेंडू टाकून सराव करताना हेल्मेट हवंच. पाठ किंवा खुबा दुखला तर थांबा, दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

पालकांसाठी एक गोष्ट. सॉफ्टबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा येतोय. राज्य शासनाच्या नोकरीत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्पर्धेचं कोणतं प्रमाणपत्र चालतं, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारून घ्या आणि पोरीची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून फाईलला लावून ठेवा.