भोसल्यांच्या दरबारातून संस्कृतच्या प्राध्यापकीकडे

वाटणीचे दावे चालवणाऱ्या माझ्यासारख्या दिवाणी वकिलाला कोलब्रुक हे नाव इतिहासाच्या पुस्तकात नाही, जुन्या निकालपत्रांत भेटते. मिताक्षरा या हिंदू धर्मशास्त्रावरच्या ग्रंथातले वचन उद्धृत करायचे झाले की प्रिव्ही कौन्सिलचे न्यायाधीश त्यांच्याच इंग्रजी भाषांतराचा हवाला देत. हा माणूस इंग्रजांचा दूत म्हणून आपल्या नागपुरात राहून गेला, हे मात्र इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. ते ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

हेन्री थॉमस कोलब्रुक यांचा जन्म 1765 चा, लंडनचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष राहिलेले. मुलगा शाळेत कधी गेला नाही, घरीच शिकला आणि विशीच्या आत कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. तिरहुत, पूर्णिया, मग मिर्झापूर. जगन्नाथ तर्कपंचानन या वयोवृद्ध बंगाली पंडितांनी कंपनीसाठी धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ रचला होता. तो इंग्रजीत आणण्याचे काम विल्यम जोन्स यांच्या मृत्यूनंतर कोलब्रुक यांनी पुरे केले. त्याच सुमारास त्यांना नागपूरला पाठवण्याचा हुकूम निघाला.

कंपनीला रघुजी भोसले (दुसरे) आपल्या बाजूला हवे होते. नागपूरचे राज्य तेव्हा वऱ्हाडापासून थेट कटकपर्यंत पसरलेले. कलकत्त्याहून मद्रासला जाणारा खुष्कीचा रस्ता त्यांच्याच मुलखातून जाई. 1799 ते 1801 कोलब्रुक इथे होते. रघुजींनी कंपनीशी तह करायला होकार दिला नाही आणि दूत रिकाम्या हाताने परतला. इंग्रजांच्या दृष्टीने ती वकिली फसली. मला त्यात रघुजींचा शहाणपणा दिसतो: तैनाती फौज दारात घेतली की दौलत कुणाची राहते, हे त्यांना कळत होते. पुढे 1803 मध्ये इंग्रजांशी झालेल्या युद्धात अडगावची लढाई हरली, गाविलगड पडला, देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीपलीकडचे वऱ्हाड गेले, आणि रेसिडेंट म्हणून एल्फिन्स्टन येऊन बसले.

कोलब्रुक कलकत्त्यात अपील कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि गव्हर्नर जनरल वेलस्लीने नुकत्याच काढलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात संस्कृत आणि हिंदू कायद्याचे मानद प्राध्यापकही. विलायतेहून आलेल्या कोवळ्या कारकुनांना देशी भाषा शिकवणारे हे कॉलेज. मराठी तिथे विल्यम कॅरी शिकवत आणि त्यांच्या हाताशी पंडित वैजनाथ शर्मा होते. कोलब्रुक वर्ग घेण्यात रमले नाहीत, त्यांची प्राध्यापकी लेखणीतून चालली. 1805 मध्ये संस्कृत व्याकरण आणि वेदांवरचा निबंध, 1810 मध्ये दायभाग आणि मिताक्षरेतला वारसा प्रकरणाचा भाग इंग्रजीत, 1817 मध्ये भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणितही.

यातले 1810 चे पुस्तक आमच्या कोर्टांत सर्वांत जास्त जगले. बंगालच्या दायभागानुसार बाप जिवंत आहे तोवर मुलाला हक्क नाही. कल्याणीच्या चालुक्य दरबारातल्या विज्ञानेश्वरांनी मिताक्षरेत मांडले की वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्मतःच हिस्सेदार होतो. आपल्याकडच्या घराघरांतल्या वाटण्या या एका वाक्यावर उभ्या राहिल्या.

उमरेडकडचे एक काका मला तावातावाने म्हणाले होते, "पोरगा माहा होता न वकीलबाई, मंग वारसात त्याच्या मायचं नाव हाये अन् माहं काहून नाही?" मुलगा अविवाहित गेलेला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गात आहे, बाप दुसऱ्या. मी त्यांना मिताक्षरेतला युक्तिवाद सांगितला: बाप दुसऱ्या बायकांच्या मुलांचाही बाप असू शकतो, आई मात्र फक्त स्वतःच्या मुलांची, म्हणून आईचे नाते अधिक जवळचे आणि तिचा हक्क आधी. काका गप्प झाले. पटले असे मात्र म्हणाले नाहीत.

कोलब्रुक यांच्याबद्दल मला आदर आहे, तरी एक गोष्ट खटकते. कोर्टात नेमलेले पंडित शास्त्रार्थ सांगत तेव्हा त्याला गावच्या आणि जातीच्या रिवाजाची जोड असे. 1864 मध्ये कोर्टातली पंडितांची पदे बंद झाली. संस्कृत न येणाऱ्या न्यायाधीशासाठी मग छापील भाषांतर हेच शास्त्र झाले. दोष कोलब्रुक यांचा नाही, ते तोवर निवर्तलेही होते. पण त्या इंग्रजी पानांनी रिवाजाला मुके केले, हे खरे आहे. शिवाय ज्या पंडितांच्या आधाराने हे सारे उभे राहिले, त्यांतल्या बहुतेकांची नावे आम्हाला कायद्याच्या वर्गात कुणी सांगितली नाहीत.

कोलब्रुक मायदेशी गेले ते हस्तलिखितांचा मोठा संग्रह घेऊन. तो त्यांनी कंपनीच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. 1823 मध्ये लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी त्यांच्याच पुढाकाराने निघाली. शेवटी दृष्टी गेली, 1837 मध्ये ते वारले.

विज्ञानेश्वरांचे जन्मतःचे हिस्सेदारपण देशभरातल्या मुलींना मिळायला मात्र 2005 ची कायद्यातली दुरुस्ती यावी लागली. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. तरीही भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतात आणि बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बहिणीला मी सही करण्याआधी हा सगळा भाग समजावून सांगते, वेळ कितीही लागो.