पात्याला फुटणारी कातडी

जेट इंजिनातले टर्बाइनचे पाते गंजते, आणि ते योग्य तऱ्हेने गंजावे अशीच त्याची घडण केलेली असते. आधुनिक इंजिनात पात्यांवर आदळणाऱ्या वायूचे तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. निकेल तर १४५५ अंशांना वितळते! पोकळ पात्यांतून तुलनेने थंड हवा खेळवून धातू हजार-अकराशे अंशांच्या आसपास राखतात. पण एवढ्या उष्णतेतही ऑक्सिजन त्याला सोडत नाही.

निकेलचा स्वतःचा ऑक्साइड भराभर वाढतो, राखणीला निरुपयोगी. म्हणून मिश्रधातूत क्रोमियम आणि ॲल्युमिनियम घालतात. क्रोमियमचा ऑक्साइड चांगला, पण हजार अंशांपुढे वेगवान वायूत तो वाफ होऊन उडू लागतो. ॲल्युमिनियमचा टिकतो. त्याच्या घट्ट थरातून ऑक्सिजन फार सावकाश झिरपतो, आणि थर जाड होईल तसतशी वाढ मंदावते : दुप्पट जाडीला चौपट वेळ. केसाहून कितीतरी पातळ अशी ही कातडी सारे पाते सांभाळते.

खरी अडचण इंजिन थंड होताना येते. धातू जास्त आकसतो, ऑक्साइड कमी. मग एनॅमलच्या भांड्यासारखे टवके उडतात. उघडी पडलेली जागा भरायला आतले ॲल्युमिनियम खर्ची पडते, आणि तो साठा संपला की निकेलच जळू लागते. त्यामुळे पात्याचे आयुष्य नुसत्या तासांत मोजून भागत नाही, उड्डाणेही मोजावी लागतात.

टवके उडण्यामागचा एक गुन्हेगार फार उशिरा सापडला. अत्यल्प प्रमाणात दुर्मीळ मृदाधातू घातले की थर चिकटून राहतो, हे १९३७ च्या एका ब्रिटिश पेटंटापासून ठाऊक होते. का, यावर मात्र वाद चालले. १९८० च्या दशकात लक्ष गंधकाकडे गेले. दशलक्षात काही भाग एवढेच गंधक धातू आणि ऑक्साइड यांच्या सांध्यात जमून पकड सैल करते. इट्रियम त्याला धातूतच बांधून ठेवते. हायड्रोजनमध्ये तापवून गंधक काढून टाकले, तर इट्रियमवाचूनही थर टिकतो, हे प्रयोगांनी दाखवले. मला या साऱ्या विषयातला हा सर्वांत देखणा पुरावा वाटतो.

समुद्रावरचे गणित निराळे. हवेतले मीठ आणि इंधनातले गंधक मिळून सोडियम सल्फेट बनते, ते ८८४ अंशांना वितळते आणि त्या द्रवात ही कातडी विरघळू लागते. तिथे क्रोमियमच जास्त उपयोगी. पण पात्याची ताकद वाढवण्यासाठी नव्या मिश्रधातूंत नेमके तेच कमी केलेले असते. म्हणून जहाजांच्या टर्बाइनवर क्रोमियमयुक्त लेप वेगळा चढवतात.