अधिकार रूटचे, यादी मात्र जुनीच

जुलै २०१९मध्ये डेबियन लिनक्सची दहावी आवृत्ती आली आणि अनेकांच्या हातात बसलेली एक सवय अडखळू लागली. टर्मिनलवर 'एसयू' लिहायचे, रूटचा म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड द्यायचा आणि 'अ‍ॅडयूजर'ने नवे खाते उघडायचे, हा जुना परिपाठ. आता पासवर्ड बरोबर, रूट झाल्याची # ही खूणही समोर, तरी उत्तर येते: 'कमांड नॉट फाउंड'. प्रोग्राम बसवलेलाच नाही किंवा सिस्टिम बिघडली, असा समज करून घेऊन लोक पुन्हा इन्स्टॉल करायला धावतात. ती धावपळ सहसा व्यर्थ जाते. कारण 'मी जिथे पाहिले तिथे हे नाव सापडले नाही', एवढेच तो संदेश सांगत असतो.

आपण नुसते नाव लिहितो तेव्हा शेल, म्हणजे टर्मिनलवर आपल्या कमांड घेऊन त्या चालवणारा प्रोग्राम, सगळी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याजवळ 'पाथ' नावाची फोल्डरांची यादी असते. ती तो डावीकडून उजवीकडे तपासतो, पहिला सापडेल तो प्रोग्राम चालवतो आणि यादी संपली की हात वर करतो. रोजच्या वापराचे प्रोग्राम 'बिन' या फोल्डरांत असतात, तर खाती, डिस्क, नेटवर्क सांभाळणारे बरेचसे प्रोग्राम 'एसबिन'मध्ये. डेबियनमध्ये साध्या वापरकर्त्याच्या यादीत 'एसबिन' नसते, रूटच्या यादीत असते. म्हणून त्याच अडलेल्या शेलमध्ये '/युएसआर/एसबिन/अ‍ॅडयूजर' असा पूर्ण पत्ता लिहिला की प्रोग्राम लगेच चालतो. अधिकारात काही उणे नव्हते. यादी तेवढी साध्या वापरकर्त्याची राहिली होती.

ती तशी का राहिली, याचे उत्तर दहाव्या आवृत्तीतल्या बदलात आहे. तोवर डेबियनमधला 'एसयू' 'शॅडो' या संचातून येत असे आणि तो दरवेळी पाथ नव्याने मांडत असे. नंतर 'युटिल-लिनक्स'मधला 'एसयू' घेतला गेला, आणि हा तुमचा पाथ जसाच्या तसा पुढे नेतो. त्याला रूटच्या स्वतःच्या लॉगिनसारखे वागायला लावायचे, तर 'एसयू'नंतर जागा सोडून एक डॅश द्यावा लागतो. मग रूटची यादी येते आणि अडलेली कमांड चालू लागते. माझ्या मते हा डॅश ऐच्छिक मानूच नये. ओळख बदलणे आणि परिसर बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्वाधिकार हाती असताना दुसऱ्याच्या परिसरात काम करणे धोक्याचे आहे.

यावर कोणी म्हणेल, पाथमध्ये 'एसबिन' जोडले की झाले. कमांड चालेल, हे खरे. पण त्या यादीत तुमच्या होम फोल्डरातली जागाही असू शकते, आणि डेबियनच्या नेहमीच्या मांडणीत ती सर्वांत आधी लागते. तिथे फाइल ठेवायला रूटचा पासवर्ड लागत नाही. तुमच्या खात्यातून चाललेल्या एखाद्या खोडसाळ प्रोग्रामने तिथे 'एलएस' या रोजच्या कमांडच्या नावाची फाइल टाकली, तर पुढच्या वेळी ती रूटच्या अधिकाराने चालेल. ज्याने खातेच काबीज केले तो खोटा 'एसयू' ठेवून पासवर्डही पळवेल, हा आक्षेप रास्त आहे. डॅश काही अभेद्य कवच नव्हे. पण हल्लेखोर नसतानाही घोटाळा होतो. स्वतःच्या प्रयोगासाठी बसवलेली पायथनची वेगळी आवृत्ती नकळत रूट म्हणून चालते आणि सिस्टिमच्या फाइलींना हात घालते. दुसरी तक्रार अशी की डॅश दिला की आपण उघडलेले फोल्डर सुटते आणि रूटच्या घरी जाऊन पडतो. ही गैरसोय खरी आहे. तिच्यासाठी 'लॉगिन डॉट डेफ्स' या फाइलमध्ये 'ऑलवेज-सेट-पाथ' ही सोय आहे. ती 'येस' केली की फोल्डर तेच राहते आणि पाथ रूटचा येतो. एखादीच कमांड चालवायची असेल, तर तेवढी कमांड रूट म्हणून चालवणारा 'सुडो' बरा. डेबियनमध्ये तो ठरवून दिलेली सुरक्षित यादी वापरतो. म्हणूनच तुमच्या होम फोल्डरातला प्रोग्राम 'सुडो'ला कधीकधी सापडत नाही, आणि ते योग्यच आहे.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या २०२५मध्ये आलेल्या ४२व्या आवृत्तीने 'एसबिन' आणि 'बिन' एकत्रच केले. तिथे हा विशिष्ट अडथळा उरत नाही, पण वापरकर्त्याची यादी रूटकडे जाण्याचा प्रश्न त्याने मिटत नाही. आणि डॅश देऊनही, पूर्ण पत्ता लिहूनही प्रोग्राम मिळाला नाही, तर मात्र तो खरोखरच नसण्याची शक्यता धरावी. नेटवर्कसाठीच्या 'आयएफकॉन्फिग' या जुन्या कमांडचे असेच होते. तो 'नेट-टूल्स' या संचात असतो आणि डेबियन ९पासून हा संच नव्या इन्स्टॉलेशनमध्ये आपोआप येत नाही. तिथे पाथशी झटापट करण्यापेक्षा तो संच बसवावा, किंवा त्याची जागा घेणारी 'आयपी' ही कमांड वापरावी.